सुई परत कशी येते?

चेंबूरहून माहुलकडे जाणारा रस्ता तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या भिंती धरून जातो. पुढे एका बाजूला कोळी-आगऱ्यांचे जुने माहुल गाव आणि फ्लेमिंगो उतरतात ती खाडी, दुसऱ्या बाजूला प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या ७२ इमारती. समजा, एका सकाळी यातल्याच दोन इमारतींमधल्या बोळात, मुलांचा चेंडू हमखास जाऊन पडतो त्या कोपऱ्यात, एक वापरलेली सिरिंज दिसली. सुईला टोपण नाही, नळीत तपकिरी डाग सुकलेला. आपण काय करू?

बहुतेक जण ती पायाने गटारात ढकलतील. कोणी कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकेल. कोणी वर पाहून ओरडेल, "कोणी टाकली ही?" सिरिंज कोणाचीही असू शकते. रोज इन्सुलिन घेणाऱ्या आजींची, एखाद्या लहान दवाखान्याची, किंवा नस शोधून नशा टोचून घेणाऱ्या एखाद्या तरुणाची. तिघांच्या सुया वेगळ्या घरांतून निघाल्या, पण तिघींची गत एकच झाली. वापरून झाल्यावर परत जायला त्यांना रस्ताच नव्हता.

मुंबईत काही माणसे हाच रस्ता बांधण्याचे काम वर्षानुवर्षे करत आहेत. ती अड्ड्यांवर जातात, नशा करणाऱ्यांना नव्या सुया देतात आणि जुन्या परत घेतात. ऐकणारा पहिल्यांदा बुचकळ्यात पडतो. नशा वाईट म्हणायचे आणि नशा करणाऱ्याच्या हातात नवी कोरी सुई ठेवायची, हे कसे? आणि ज्याला स्वतःची शुद्ध नसते, तो जुनी सुई आठवणीने परत का आणून देईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुन्या मुंबईकरांच्या आठवणीत आहे. आरेच्या दुधाची काचेची बाटली आठवा. रिकामी बाटली केंद्रावर परत जायची आणि भरलेली घरी यायची. यासाठी ना दंड होता, ना पहारेकरी. केंद्र घराजवळ होते, रोज ठरल्या वेळी उघडायचे, खिडकीपलीकडचे माणूस ओळखीचे होते, बाटली दिल्यावर काहीतरी मिळत होते, आणि रिकामी बाटली हातात घेऊन रस्त्याने जायला कोणाला भीती वाटत नव्हती. या पाच गोष्टी जुळल्या की वस्तू परत येते. सुईच्या बाबतीत या पाचही गोष्टी मुद्दाम, कष्टाने उभ्या कराव्या लागतात. त्या कशा करतात, हे समजून घेण्याआधी सुईच्या आत डोकावू.

शाईपेनातली जांभळी ओळ

शाईपेन वापरलेल्यांना हा अनुभव असेल. निळी शाई काढून पेन धुतला आणि लाल शाई भरली, तरी पहिल्या दोन-चार ओळी जांभळ्या उमटतात. टाकीच्या कोपऱ्यात आणि निबेच्या खाचेत थोडी निळी शाई दडून बसलेली असते.

सिरिंजचे असेच आहे. तिला एक नळी असते, आत मागे-पुढे होणारा दट्ट्या असतो आणि टोकाला पोकळ सुई. वेगळी बसवायची सुई असलेल्या सिरिंजमध्ये दट्ट्या अगदी शेवटपर्यंत दाबला, तरी नळीचे टोक आणि सुईची खोबण यांच्यात थोडी जागा उरते. या जागेत साधारण ८० मायक्रोलिटर, म्हणजे दीड-एक थेंब द्रव अडकून राहतो. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुई नळीलाच जोडलेली असते, म्हणून तिथे जेमतेम २ मायक्रोलिटर उरतो. नशा टोचणारा माणूस सुई नसेत गेली की नाही हे पाहायला दट्ट्या मागे ओढतो, तेव्हा त्याचे रक्त नळीत येते. ही झाली आपली निळी शाई. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की उरलेले रक्त थेट त्याच्या नसेत जाते. पाण्याने खळबळून घेतले तरी ते पूर्ण निघत नाही.

एचआयव्हीचा विषाणू उघड्या हवेत, कोरड्या फरशीवर फार तग धरत नाही. सिरिंजच्या पोटात मात्र ओलावा टिकतो, उजेड आणि वारा पोचत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगांत सिरिंजमध्ये ठेवलेल्या रक्तात एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत, तर यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर सुकलेल्या डागातही किमान सात दिवस टिकतो.

यावरून बोळातली प्रत्येक सुई म्हणजे मृत्यूच, असे समजू नये. रुग्णालयात एचआयव्हीबाधित रुग्णाची ताजी सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते. हिपॅटायटिस सीसाठी ती शंभरात सुमारे दोन. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल, तर मात्र शंभरात ६ ते ३०. रस्त्यावर पडून राहिलेल्या सुईचा धोका याहूनही कमी. एकदा टोचल्याने धोका थोडा, पण रोज दोन-तीनदा, वर्षानुवर्षे, एकच सुई चौघांत फिरली तर तो साचत जातो. म्हणून सर्वांत मोठा धोका त्या टोचून घेणाऱ्याला आहे आणि काळजीची सुरुवातही त्याच्यापासूनच व्हायला हवी.

टँकरवर जगणारे घर

मग तो स्वतःची वेगळी सुई का ठेवत नाही? यासाठी त्याच्या शरीरात काय चालले आहे हे पाहावे लागेल.

आपल्या मेंदूत वेदना शमवणारी, हायसे वाटायला लावणारी काही रसायने आपोआप तयार होतात. घरच्या नळाचे पाणीच म्हणा ना. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, हे हेरॉइनचेच अशुद्ध रूप. ते घेतले की बाहेरून एकदम मोठा टँकर येऊन टाकी ओसंडून भरते. टँकर रोज येऊ लागला की शरीर घरचा नळ बारीक करत जाते. एक दिवस टँकर आला नाही तर घर कोरडे पडते. अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, पोटात पीळ पडतो, जुलाब होतात, झोप उडते, हातपाय झटकावेसे वाटतात. मुंबईच्या रस्त्यावर आणि व्यसनमुक्ती केंद्रांत याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की सुरू झालेल्या माणसाच्या डोक्यात एकच विचार असतो, हे थांबले पाहिजे, आत्ता, या क्षणी. शेजारी मित्राची वापरलेली सिरिंज पडलेली आहे आणि नवी आणायला पैसे नाहीत किंवा दुकान बंद आहे. अशा वेळी सहा आठवडे जगणाऱ्या विषाणूचा विचार कोण करील?

यात पोलिसांच्या भीतीची भर पडते. खिशात सिरिंज सापडली की संशय आलाच. म्हणून सुई जवळ बाळगायची नाही, काम झाले की तिथेच टाकायची आणि पुढच्या वेळी मिळेल ती वापरायची. एकाच भीतीचे हे दोन परिणाम आहेत. सुई दोघांत जाते आणि सुई बोळात पडते. सुई वाटण्याचे कार्यक्रम आणि सुईची विल्हेवाट ही म्हणून दोन वेगळी कामे नाहीत.

सुई मिळेनाशी झाली तेव्हा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात सुया विकत मिळणे जवळजवळ बंद झाले होते. पोलीस सुया जप्त करत. सुया कमी झाल्या की नशा कमी होईल, असा त्यामागे भाबडा हिशोब होता. तो चुकला. लोक एका खोलीत जमून एकच सिरिंज फिरवू लागले. १९८६ मध्ये तिथल्या एका दवाखान्यातल्या हेरॉइन घेणाऱ्या १६४ रुग्णांच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ५१ टक्क्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगो शहरात हे प्रमाण खूपच कमी होते.

आपल्या देशातले उदाहरण मणिपूरचे. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन तिथे स्वस्तात येत होते. १९८९ च्या मध्यापर्यंत तिथल्या सुईने नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. एक वर्ष होण्याच्या आत तो जवळपास निम्म्या लोकांत सापडू लागला. लैंगिक संबंधांतून साथ पसरायला वर्षे लागतात. सामायिक सुईतून ती एका पावसाळ्यात गावभर होते.

सुई बदलून देण्याची कल्पना पुढे आणली ती नशा करणाऱ्यांनीच. १९८४ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये हिपॅटायटिस बी पसरत असताना त्यांच्या संघटनेने नव्या सुया वाटायला आणि जुन्या गोळा करायला सुरुवात केली. आपल्या माणसांचा जीव वाचवायचा आहे, हे ज्यांना सर्वांत आधी उमगले, ते तेच होते.

आता पहिल्या कोड्याकडे येऊ. नवी सुई दिल्याने नशा वाढते का? जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निर्जंतुक सुया सहज मिळाल्या की एचआयव्हीचा प्रसार कमी होतो, याचे भक्कम पुरावे त्यात मिळाले. त्यामुळे नशा वाढते, याचा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. छत्री दिल्याने पाऊस वाढत नाही. टर्कीने तळमळणारा माणूस सुई नाही म्हणून थांबत नाही, तो फक्त वाईट सुई वापरतो.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण हजारात साधारण दोन आहे. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ते २०२१ च्या सरकारी पाहणीत शंभरात नऊ आढळले.

अड्ड्यावर जाणारा माणूस

मुंबईत गर्द ऐंशीच्या दशकात पसरला. अनिल अवचटांनी त्यावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. याच काळात मुंबईच्या बोलीत ‘गर्दुल्ला’ हा शब्दही रुजला. हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाचे नाव, गाव, आई सगळे पुसले जाते. या क्षेत्रात काम करणारे तो वापरत नाहीत. नावाने हाक मारणे हीच त्यांच्या कामाची पहिली पायरी असते.

व्यसनमुक्ती केंद्रात येतो त्याने निदान उंबरठा ओलांडलेला असतो. जो अजून पुलाखाली, रेल्वेच्या भिंतीआड बसलेला आहे, त्याच्यापर्यंत कोणीतरी चालत जावे लागते. एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावर नशा करणाऱ्यांमध्ये हे काम उभे केले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, आणि शहरात मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेने अशा कामाला निधी आणि नियमांची चौकट दिली.

या कामाचा कणा म्हणजे ‘पीअर’, म्हणजे स्वतः त्या वाटेने जाऊन आलेला माणूस. एका पीअरकडे साधारण चाळीस जणांची जबाबदारी असते. अड्डा कुठे आहे, तिथे कोण कधी बसतो, कोणाला दिवसातून किती वेळा टोचावे लागते, याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत नव्या सिरिंज, स्पिरिटचे बोळे आणि निरोध असतात. एक जाड प्लास्टिकचा, झाकणाला भोक असलेला डबाही असतो. तो अड्ड्यावर गेला की पहिला प्रश्न सुईचा विचारत नाही. "काय रे, जेवलास का? पाय दाखव बघू."

पाय दाखवण्याला इथे फार महत्त्व आहे. बोथट सुई, घाणेरडे पाणी आणि नसेबाहेर गेलेले औषध यांमुळे टोचल्या जागी गळू होते. ते फुटते, चिघळते, खोल खड्डा पडतो. वासामुळे लोकलमध्ये कोणी शेजारी बसू देत नाही. रुग्णालयात रांगेतून बाहेर काढले जाण्याची धास्ती असते. म्हणून संस्थेच्या ‘ड्रॉप-इन सेंटर’मध्ये, म्हणजे वाटेल तेव्हा येऊन टेकता येईल अशा खोलीत, सर्वांत जास्त गर्दी मलमपट्टीच्या टेबलाशी होते. परिचारिका सलाईनने जखम धुते, मेलेली कातडी हळूच काढते, गॉझ भरते. ती नाक मुरडत नाही. "उद्या ये, पट्टी बदलू," म्हणते. तो दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा सुया घेऊन येतो. अंघोळ करतो, तासभर झोपतो. चौथ्या-पाचव्या खेपेला एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला तयार होतो.

आता आरेच्या बाटलीच्या पाच अटी लावून पाहा. जागा जवळ आहे. वेळ रोजची आहे. माणूस ओळखीचा आहे. सुई दिल्यावर नवी सुई मिळते, मलमपट्टी मिळते आणि माणुसकीची वागणूकही. राहिली पाचवी अट, भीती.

ती कमी करायला कायदा मदतीला आला आहे. अमली पदार्थ जवळ बाळगणे आणि सेवन करणे हे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हे आहेत आणि आजही तो कायदा लागू आहे. पण सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (२०१७) एक महत्त्वाचे कवच दिले. एचआयव्हीचा प्रसार कमी करण्यासाठी राबवलेला उपक्रम गुन्हा ठरत नाही. नोंदणीकृत कार्यक्रमातून सुया देणारा आणि त्या घेणारा, दोघांचेही उदाहरण या कायद्यात स्पष्ट दिले आहे. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. चौकीतल्या हवालदाराला तो माहीत असावा लागतो. म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन बोलणे, आपल्या कार्यकर्त्यांची ओळखपत्रे दाखवणे, हाही या कामाचाच भाग असतो.

एक गोष्ट मात्र बाटलीहून वेगळी आहे. ‘जुनी दिली तरच नवी’ असा कडक नियम इथे उलटतो. ज्याची सुई काल पोलिसांनी घेतली किंवा गटारात पडली, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले तर तो दुसऱ्याची वापरतो. म्हणून नवी सुई बिनअट द्यायची आणि जुनी परत आणायची गोडी लावायची, ही पद्धत जगभर अधिक उपयोगी ठरली आहे.

डब्यात पडल्यानंतर

सुई डब्यात पडली की विल्हेवाटीचा दुसरा टप्पा सुरू होतो. इथला पहिला नियम असा, की वापरलेल्या सुईला हाताने टोपण लावायचे नाही, ती वाकवायची किंवा मोडायची नाही. टोपण लावताना दुसऱ्या हाताचे बोट आड येते आणि टोचण्याच्या कितीतरी घटना अशाच होतात. सुई मोजायलाही हात लावायचा नाही. जाड हातमोजे आणि लांब चिमटा वापरायचा.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी प्रत्येक प्रकाराला रंग ठरवून दिला आहे. सुया, पाती अशा अणकुचीदार वस्तूंसाठी पांढरा, अर्धपारदर्शक डबा असतो. त्याला भोक पडू नये, तो गळू नये आणि एकदा बंद केल्यावर गुपचूप उघडता येऊ नये. अर्धपारदर्शक अशासाठी, की तो किती भरला हे न उघडता दिसावे. तीन-चतुर्थांश भरला की बंद.

पुढे हा डबा प्रक्रिया केंद्रात जातो. तिथले ऑटोक्लेव्ह म्हणजे एक प्रचंड प्रेशर कुकर. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना न उकळता दाबामुळे १२१ अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. ऑटोक्लेव्हमध्येही तीच वाफ, तोच साधारण दाब, पण किमान तासभर. विषाणू आणि जिवाणूंची प्रथिने या वाफेत अंड्याच्या बलकासारखी घट्ट होतात आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मग यंत्रात सुयांचे तुकडे करतात आणि ते लोखंड वितळवणाऱ्या भट्टीकडे पाठवतात किंवा सिमेंटमध्ये कायमचे बंद करतात. तुकडे करण्याला कारण आहे. अख्खी सुई भंगारात गेली तर कोणीतरी ती धुऊन पुन्हा पाकिटात घालू शकतो.

मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा २००९ पासून देवनारच्या केंद्रात जात आला. माहुलहून ते फार लांब नाही. त्याच्या धुराविरुद्ध गोवंडीकर उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ते दोन वर्षांत शहराबाहेर हलवायला सांगितले. शहराची घाण ज्यांच्या दारात जाते, त्यांच्या छातीचाही विचार विल्हेवाटीच्या हिशोबात धरावा लागतो, हे त्या लढ्याने शिकवले.

सुईपासून सुटकेची वाट

नवी सुई हा मुक्काम नाही. तो माणूस जिवंत राहिला तरच पुढची वाट धरू शकतो, म्हणून ती द्यायची. पुढची वाट ‘ओएसटी’ नावाच्या उपचाराची आहे. यात ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी केंद्रात, परिचारिकेच्या समोर, जिभेखाली ठेवून विरघळवतात. पुन्हा टँकरकडे पाहू. ही गोळी टाकी एकदम ओसंडू देत नाही. दिवसभर बारीक धारेने पाणी सोडते. नशा चढत नाही आणि टर्कीही येत नाही. सकाळी उठून पैसे आणि माल शोधायची वणवण संपते. माणूस कामावर जातो, घरी फोन करतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. सरकारी योजनेत ते मोफत मिळते. हिपॅटायटिस सी तर आता गोळ्यांनी साधारण तीन महिन्यांत बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचारही मोफत आहेत. मलमपट्टीच्या टेबलापासून इथपर्यंत एकच धागा आहे, ओळखीचा.

आपल्या घरातल्या सुया

आता पुन्हा त्या बोळातल्या सिरिंजकडे. ती आजींच्या इन्सुलिनची असेल तर? नशा करणाऱ्याच्या सुईसाठी निदान एखादा पीअर डबा घेऊन फिरतो. आपल्या घरातली सुई मात्र आपण बिनधास्त कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. ती पिशवी गाडीत दाबली जाते, सुई प्लास्टिक फाडून बाहेर येते आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या तळव्यात घुसते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून अशा हजारो बायकांबरोबर काम करत आली आहे. त्या बायका रोज हाताने आपला कचरा वेगळा करतात. त्यांच्या हातात काय पडावे हे आपण सुई टाकतो त्या क्षणी ठरते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुयांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. त्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली. सोसायटीने नोंदणी केली तर असा कचरा स्वतंत्रपणे उचलला जातो.

थोडक्यात: सुई सापडली किंवा टोचली तर

• मुलांना एकच वाक्य शिकवा: "हात लावू नकोस, मोठ्यांना बोलव."

• उचलायचीच असेल तर जाड हातमोजे आणि चिमटा घ्या. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली (फिनेलची किंवा कपड्यांच्या द्रव साबणाची) सुईशेजारी जमिनीवर ठेवा, हातात धरू नका. सुईचे टोक खाली करून आत सोडा. पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बाटली नको.

• टोपण लावू नका, वाकवू नका, गटारात किंवा संडासात टाकू नका.

• इन्सुलिनच्या सुयांसाठीही घरात अशीच बाटली ठेवा. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर ‘सुया’ असे लिहा आणि जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा रुग्णालयात देण्याबद्दल विचारा.

• टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, तोंडाने चोखू नका. लगेच सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा. एचआयव्ही रोखणारी औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस बीच्या लशीबद्दलही विचारा.

• मदतीसाठी: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, एचआयव्हीची माहिती १०९७.

ओळख उखडली की

माहुलच्या इमारतींत २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतची घरे तुटलेली हजारो माणसे आली. विद्याविहार, घाटकोपर अशा ठिकठिकाणच्या वस्त्यांतून निघालेली कुटुंबे एका जिन्यावर शेजारी झाली. कारखान्यांच्या हवेमुळे आजारी पडतो म्हणून ती लढली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना तिथे सक्तीने पाठवू नये आणि त्यांना भाडे द्यावे असा आदेश दिला. ही लढाई हवेची होती. पण घर हलले की आणखी एक गोष्ट तुटते, ओळख. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा रात्री उशिरा येतो, कोणाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आहे, हे माहीत असलेली माणसे विखुरतात. अड्ड्यांचेही असेच होते. पोलिसांनी किंवा बुलडोझरने एक जागा साफ केली की तिथली माणसे दुसरीकडे पांगतात. पीअरचा नकाशा पुसला जातो, आणि ज्या सुया डब्यात येत होत्या त्या पुन्हा बोळांत पडू लागतात.

म्हणून माहुलसारख्या वसाहतीत सुरुवात डब्यापासून करू नये. आरोग्य सेविका दारोदार जातातच. बचत गटाच्या बायका आहेत, गणेशोत्सव मंडळाची पोरे आहेत. त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी हे शिकून घेतले, आपल्या जिन्यावरच्या नशेत सापडलेल्या मुलाला गर्दुल्ला न म्हणता नावाने हाक मारली आणि त्याच्या आईला १४४४६ हा क्रमांक दिला, तर रस्त्याची पहिली वीट बसली. आजींची इन्सुलिनची सुई आणि त्या मुलाची सिरिंज मग एकाच डब्यात, एकाच विश्वासाने येऊ शकतील.

डबा काय, कुठेही ठेवता येतो. त्या डब्याशेजारी रोज ठरल्या वेळी कोण उभे राहणार, हे आधी ठरवायला हवे.